तव्याची धग आणि अंगातली वाफ

नाशिकच्या सिडको भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: "वय ४९. पोळी-भाजी केंद्र चालवते. पहाटे पाचला शेगडी पेटते ती दुपारी एकपर्यंत, रोज अडीचशे-तीनशे पोळ्या होतात. मदतीला एक बाई आहे. एक्झॉस्ट पंखा चालू असतो, तरी धग कमी होत नाही. दिवसात सहा चहा होतात. शेवटची पाळी येऊन आठ महिने झाले. दिवसातून आठ-दहा वेळा छातीतून वाफ निघाल्यासारखं होतं, चेहरा लाल होतो, दरदरून घाम येतो. रात्री तीनदा जाग येते. पांघरूण फेकते आणि पाच मिनिटांत कुडकुडते. उंची पाच फूट एक, वजन ७२ किलो. थायरॉईडची गोळी चालू आहे, सकाळी चहाबरोबर घेते. सासूबाई म्हणतात उष्णता झाली आहे, म्हणून गुलकंद आणि सब्जा घेते. शेजारणीने शतावरी-अश्वगंधाची पूड दिली, तीही दोन महिने घेतली. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्या, पण कॅन्सरची भीती वाटते. काम बंद करता येणार नाही. नैसर्गिक उपायांनी हे आटोक्यात येईल का? आणि किती वर्षं चालेल?"

ताई, आधी थायरॉईडच्या गोळीबद्दल. ही गोळी चहाबरोबर घेतली की नीट शोषली जात नाही. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-नाश्ता त्यानंतर किमान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाने करायचा. तुम्ही साडेचारला उठत असाल तर उठल्याउठल्या गोळी घ्या, शेगडी पेटवा आणि चहा साडेपाचला घ्या. वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करा. हे आधी सांगण्याचं कारण असं की थायरॉईडचा डोस शरीराला जास्त होऊ लागला तरी अंग तापतं, घाम येतो, छाती धडधडते. हुबेहूब पाळी जातानासारखं. चहाबरोबर घेताना ठरलेला डोस आता रिकाम्या पोटी जास्त शोषला जाईल, त्यामुळे तो जास्त होण्याची शक्यता आहे. ही तपासणी टाळू नका. त्याच वेळी साखर, हिमोग्लोबिन आणि रक्तदाबही बघून घ्या. रात्रीच्या घामाबरोबर ताप, रेंगाळलेला खोकला किंवा न प्रयत्न करता उतरणारं वजन असेल, तर ते पाळीवर ढकलू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.

आता सासूबाईंच्या 'उष्णते'बद्दल. त्यांचा शब्द चुकीचा म्हणता येत नाही, पण ही उष्णता पोटात साठलेली नसते. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे. एरवी अंग थोडं तापलं तरी ती दुर्लक्ष करते. पाळी जाताना इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन खाली येतं तेव्हा तिची सहनशक्ती आखडते. मग तव्यासमोरची थोडीशी धग, गरम चहाचा घोट, एखाद्या गिऱ्हाइकाशी झालेली बोलाचाली, एवढंही तिला 'अंग फार तापलं' असं वाटायला पुरतं. त्वचेच्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, घाम सुटतो आणि एक ते पाच मिनिटांत शरीर गरजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकून मोकळं होतं. म्हणून नंतर हुडहुडी भरते. थर्मामीटर लावलात तर ताप दिसणार नाही. गुलकंद खाऊन मेंदूतली ही जागा शांत होत नाही, आणि गुलकंदात निम्म्याहून जास्त साखरच असते. वजन उतरवायचं असेल तर तो बंद करा. सब्जा किंवा धन्याचं पाणी थंड पेय म्हणून प्या, चांगलंच आहे. औषध म्हणून त्यावर विसंबू नका.

तुमचं दुखणं यातूनच समजायला सोपं होतं. आखडलेल्या सहनशक्तीला रोज सात-आठ तास खऱ्या आगीसमोर उभं राहावं लागतंय. इतर बायकांना जे उपाय सांगतात त्याआधी तुम्हाला स्वयंपाकाची जागा सुधारावी लागेल. काढे आणि पुड्या यांच्याआधी तिथे हात घाला.

तुमचा एक्झॉस्ट पंखा चालू असतो असं लिहिलंय, तरी धग कमी होत नाही. बहुतेक वेळा याची दोन कारणं असतात. एक म्हणजे पात्यांवर तेल-पिठाचा चिकट थर बसतो आणि पंखा फिरतो पण हवा ओढत नाही. दर पंधरा दिवसांनी वीजजोडणी काढून पाती सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: बाहेर जाणाऱ्या हवेइतकी हवा आत यायला वाट हवी. शटर अर्धं खाली आणि मागचं दार बंद असेल तर पंखा नुसता घरघरतो. पंख्याच्या समोरच्या बाजूला, खालून, हवा आत येईल अशी जागा उघडी ठेवा. शेगडी पंख्याच्या भिंतीला लागून आणि पोळपाट त्यापासून चार-पाच फूट दूर हवा. आपल्याकडे पोळपाट तव्याला खेटून असतो, कारण हात फिरवणं सोपं जातं, पण मग लाटतानाही सगळी धग चेहऱ्यावर येते. दोघींनी दर अर्ध्या तासाला जागा बदला. एक लाटेल, दुसरी भाजेल. मदतनीस बाईंना कारण मोकळेपणाने सांगा, त्यांनाही उद्या हे यायचंच आहे.

टेबलफॅन शेगडीच्या दिशेने लावू नका. ज्योत फडफडते, पिवळी होते, विझली तर गॅस तसाच सुटत राहतो. तो तुमच्या मागे, खांद्याच्या बाजूने, मानेवर वारा येईल पण ज्योतीवर येणार नाही असा तिरका ठेवा. ज्योत निळी आणि सरळ राहिली तर जागा बरोबर आहे. भाज्यांपैकी जे उकडायचं-शिजवायचं ते पहाटेच्या गारव्यात कुकरमध्ये उरका. उघड्या पातेल्यात तासभर रटरटणारी भाजी खोली तापवते आणि दमटही करते. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला तरच अंग निवतं.

अंगावर सुती कपडा, गळा मोकळा. नायलॉनचा गाऊन आणि त्यावर प्लॅस्टिकसारखा अॅप्रन ही जोडी सोडा, जाड सुती अॅप्रन चालेल. माठातल्या पाण्याची बाटली हाताशी ठेवा आणि तहान लागायची वाट न बघता दर वीस-पंचवीस मिनिटांनी चार घोट घ्या. मानेवर ओला करून घट्ट पिळलेला पंचा, तो कोमट झाला की बदला. बर्फ चोळू नका, त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात. वाफ येण्याआधी बऱ्याच बायकांना काही सेकंद आधी कळतं: उगाच अस्वस्थ वाटतं, छातीत धडधड जाणवते. तेवढ्यात ज्योत बारीक करा, दोन पावलं मागे या, मनगटं नळाखाली धरा आणि श्वास हळूहळू सोडा. वाफ ओसरेपर्यंत तेलाची कढई किंवा कुकर उचलायचा नाही. त्या मिनिटभरात चक्कर येऊ शकते.

एवढं केल्यावर एक वही घाला. वेळ, वाफ किती जोराची (१, २ किंवा ३), आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात काय झालं: तवा, चहा, तिखट, कटकट. रात्री किती वेळा जाग आली ते वेगळं लिहा. पहिले दोन आठवडे फक्त लिहायचं, नवा उपाय सुरू करायचा नाही. याला ठोस कारण आहे. वाफांच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये ज्यांना नुसती साखरेची गोळी दिली जाते, त्यांच्याही वाफा बऱ्यापैकी कमी होतात, कधी तिसऱ्या हिश्शाने, कधी त्याहून जास्त. म्हणून 'मला फरक पडला' असं शेजारीण सांगते ते खोटं नसतं, पण तो फरक पुडीचाच होता असं सिद्ध होत नाही. तुम्ही तीन-चार गोष्टी एकदम चालू केल्यात, त्यामुळे कशाने काय झालं हे तुम्हालाही कळलेलं नाही.

त्या पुडीबद्दल स्पष्टच बोलते. अश्वगंधाने थायरॉईडच्या हार्मोनचं प्रमाण वाढू शकतं आणि काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉईडची गोळी चालू असताना ती डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. आत्ता बंद करा. शतावरीवर पाळी जाण्याच्या काळासाठी झालेले अभ्यास छोटे आहेत, भरवसा ठेवावा इतके नाहीत. काढ्यातलं ज्येष्ठमध रोज बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. आणि लेबल नसलेल्या पुडीत नक्की काय काय आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. आयुर्वेदिक औषध घ्यायचंच असेल तर नोंदणीकृत वैद्यांना नाडीबरोबर थायरॉईडची गोळीही दाखवा.

मग करून बघण्यासारखं काय? सोयाबीन. त्यात आयसोफ्लेवोन नावाची द्रव्यं असतात आणि ती इस्ट्रोजेनसारखं सौम्य काम करतात. अमेरिकेतल्या एका प्रयोगात बायकांना बारा आठवडे रोज अर्धा कप शिजवलेले सोयाबीन आणि जोडीला कमी तेलाचा, दूध-मांस-अंडी नसलेला आहार दिला. त्यांच्या तीव्र वाफा खूपच कमी झाल्या. मात्र त्यांचं वजनही उतरलं होतं, म्हणून सगळं श्रेय सोयाबीनला देता येत नाही. सगळ्यांच्या आतड्यांत आयसोफ्लेवोनचं प्रभावी रूप तयारही होत नाही. त्यामुळे एकीला गुण येतो, दुसरीला येत नाही. पण डाळी-उसळी खाणाऱ्या घरात हा प्रयोग स्वस्तात होतो, आणि उसळ काही वाया जात नाही.

कृती नीट करा. एका माणसाला ४० ग्रॅम सुके सोयाबीन, म्हणजे साधारण मूठभर. रात्री भरपूर पाण्यात आठ-दहा तास भिजवा, सकाळी ते पाणी ओतून द्या, दाणे चोळून सुटलेली सालं काढा. कुकर एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका आणि चमचाभर तेल घाला. सोयाबीनला फेस येतो आणि सालं शिट्टीच्या भोकात अडकतात. चार-पाच शिट्ट्या, मग मंद आचेवर दहा मिनिटं. दाणा बोटात सहज चेपला पाहिजे. अर्धकच्चा राहिला तर पोट फुगतं आणि प्रथिनं नीट पचत नाहीत. बायका इथेच कंटाळून सोडतात. मग कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून मटकीसारखी उसळ करा. पहिल्या आठवड्यात निम्मंच घ्या, पोटाला सवय होऊ द्या. ती दुपारच्या जेवणातच खा, कारण सोयाबीनमुळे थायरॉईडची गोळी कमी शोषली जाते, दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम. सोयाबीन तेलात आयसोफ्लेवोन नसतात, म्हणून ते बदलून उपयोग नाही. दळणात सोयाबीन घालायचं असेल तर आधी भाजून घ्या, नाहीतर पोळी कडवट होते. आयसोफ्लेवोनच्या कॅप्सूल स्वतःहून घेऊ नका. स्तनाच्या कॅन्सरवर उपचार झाले असतील तर त्या तर नाहीच, आणि उसळीबद्दलही आधी विचारा. बारा आठवड्यांनी वही बघा. आकडा हलला नसेल तर सोयाबीन वाफांसाठी बंद, आवडीसाठी चालू.

जवसाचं नाव बरंच घेतलं जातं. वाफांवर त्याचा उपयोग चाचण्यांत दिसला नाही. बद्धकोष्ठ असेल तर जवसाची चटणी जरूर करा, पण अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, म्हणून भाजून भरड कुटा, आठवड्यापुरतीच करा, जास्त ठेवली तर खवट होते.

चहा आणि तिखट. पत्रात सहा चहा आहेत. चहातल्या कॅफिनपेक्षा त्याचा कढतपणा वाफ आणतो, असं अनेकींच्या वहीत दिसतं. चहा जरा निवू द्या आणि दर तीन दिवसांनी एक कप कमी करत तीनवर या. एकदम बंद केला तर डोकं दुखतं. शेवटचा चहा चारच्या आत. रविवारची मिसळ सोडायला कोणी सांगत नाही, नाशिकमध्ये ते सांगणं अन्यायाचं होईल. पण दोन रविवार तर्री बाजूला ठेवून पातळ रश्शावर खा, पुढचे दोन नेहमीसारखी खा, आणि वहीत फरक दिसतो का बघा. दिसला नाही तर तिखटाचा दोष नाही, उगाच पथ्य पाळू नका.

रात्रीसाठी: जाड गोधडी किंवा रजईऐवजी दोन पातळ सुती चादरी आणि पायाशी एक घोंगडी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली जातो, निफाडचा त्याहूनही. त्यामुळे थंडीत पांघरूण एकदम फेकलं की कुडकुडणं आलंच. एक थर बाजूला सारा, वाफ गेली की ओढून घ्या. यजमानांचं पांघरूण वेगळं करा, पंख्याचं भांडण निम्मं मिटेल. फोमची गादी उष्णता धरते, वर जाड सुती चादर किंवा कापसाची पातळ गादी टाका. उशाशी कोरडा सुती गाऊन ठेवा, म्हणजे घामाने भिजलात तर दिवा लावून कपाट उघडावं लागणार नाही. जाग आल्यावर मोबाईल बघायचा नाही. तुम्हाला साडेचारला उठायचं असतं, तर नऊला जेवण नको, साडेसात-आठला हलकं उरका.

नॉर्थ अमेरिकन मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनविरहित उपायांची छाननी केली. योगासनं, प्राणायाम, व्यायाम, जडीबुटी यांनी वाफा कमी होतात असा पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी म्हटलं. त्याच यादीत उपयोगी ठरलेल्या गोष्टींपैकी दोन मात्र तुम्हाला औषधाशिवाय करता येतील: वजन कमी करणं आणि सीबीटी (समुपदेशनाचा एक प्रकार, त्याबद्दल पुढे सांगते). तुमचं वजन उंचीच्या मानाने बारा किलो जास्त आहे. सगळं उतरवायची गरज नाही, पाच-सात किलो उतरले तरी वाफांमध्ये फरक पडू शकतो. रोजच्या पोळ्यांच्या कामाला व्यायाम म्हणू नका, त्यात तुम्ही उभ्या असता, चालत नाही. संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर किंवा गोदापार्कला अर्धा तास झपझप चाला, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून न टेकता उठ-बस दहा-दहाच्या तीन फेऱ्या आणि भिंतीला हात लावून दंड. हे वाफांसाठी नाही, हाडांसाठी आहे. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात. नाचणीची भाकरी आणि दोन वेळचं दूध किंवा ताक त्यासाठीच.

सीबीटी म्हणजे मनाला एक नवी सवय लावणं. समुपदेशकाकडे चार ते सहा बैठका पुरतात. वाफ आली की मनात येतं, 'गिऱ्हाईक बघतंय, काय म्हणेल, आता हे थांबणारच नाही'. त्या विचाराने धडधड वाढते आणि वाफ जास्त छळते. त्या जागी खरी गोष्ट बसवायची: हे पाच मिनिटांच्या आत जाणार, धोका नाही, गिऱ्हाइकाला तव्याचाच घाम वाटतो. वाफांची संख्या याने फार घटत नाही, पण त्यांचा त्रास आणि रात्रीची तगमग घटते. सावकाश श्वासाचा सरावही याच कामाला येतो: चार-पाच सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, श्वास न रोखता, सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं.

हार्मोनच्या गोळ्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण ती थोडी जुनी आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने स्तनाच्या कॅन्सरचा धोका दाखवला आणि जगभर घबराट झाली. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, प्रकृती चांगली असणाऱ्या बहुतेकींसाठी फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो, आणि वाफांवर याच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही. स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर मात्र नको. हार्मोन नको असेल तर त्याशिवायची औषधंही आहेत. तीन महिन्यांनी वहीतला आकडा निम्म्यावर आला नसेल, किंवा रात्रीची झोप तशीच तुटत असेल, तर वही आणि टीएसएचचा रिपोर्ट घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सगळ्या नैसर्गिक वाटा संपेपर्यंत सोसायचं असा कुठलाही नियम नाही.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाही तरी. आठ महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असं धरू नका. बारा महिने सलग गेले की रजोनिवृत्ती म्हणायची, आणि पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर गर्भनिरोधक शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं वापरायला सांगतात. बारा महिन्यांनंतर एक थेंबही रक्त दिसलं तर पाळी परतली म्हणून आनंद मानू नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या.

किती वर्षं चालेल? अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत बायकांना वाफांचा त्रास सरासरी सात वर्षांच्या आसपास झाला. काहींचा दोन-तीन वर्षांत संपला, काहींचा दहा वर्षं रेंगाळला. पाळी पूर्ण थांबण्याच्या आगेमागे तो सर्वांत जोरात असतो, म्हणजे तुम्ही आत्ता चढावर आहात. दर सहा महिन्यांनी एक आठवडा वही पुन्हा भरा. दोन वह्या शेजारी ठेवल्या की तुमचा उतार कधी लागला ते तुम्हालाच दिसेल.